तिसरा पक्ष

न्टिंडाच्या स्टेजला, फणसाखाली माझं टेबल.
एक छत्री, एक शिक्का,
दगडाखाली दाबलेले अर्ज.
कंपालाच्या या कोपऱ्यावर दिवसभर
मी तिसऱ्या माणसाचा विमा विकते.

पहिला पक्ष कंपनी. दुसरा, पैसे भरणारा.
तिसरा म्हणजे तो, जो अजून रस्त्यात आलेला नाही:
कणीस सोलत उभी असलेली बाई,
हिरव्या स्वेटरातलं शाळेचं पोर,
कुणाच्या तरी पांढऱ्या गाडीचा आरसा.
त्याला लागलं तर आम्ही बघू.
कुठवर बघू, तेही छापलंय,
पण त्यासाठी चष्मा लागतो.

कातो येतो तो हेल्मेट न काढताच.
"स्वस्तातलं दे, किझ्झा. पोलिसाला दाखवण्यापुरतं."
सख्खा भाऊ,
घासाघीस मात्र परक्याहून जास्त.

आधी वास्स्वा जन्मला, सतरा मिनिटांनी कातो,
दोन वर्षांनी मी.
जुळ्यांच्या पाठीवर येणाऱ्याचं नाव
आमच्यात आधीच ठरलेलं असतं.
म्हणजे मी जन्मानंच तिसरा पक्ष.

गेल्या वर्षी बुकोतोच्या उतारावर
वास्स्वाच्या गाडीला कुत्रं आडवं आलं.
त्यानं हँडल वळवलं आणि नाल्यात गेला.
कुत्र्याला ओरखडासुद्धा नाही.
दावा मीच भरला.
इतरांस इजा: नाही.
इतरांचे नुकसान: नाही.
स्वतःबद्दल लिहायला रकानाच नव्हता,
म्हणून समासात लिहिलं, तिरकं, दाटीवाटीनं.
समास कोणी वाचत नाही.

गाडी मात्र दुसऱ्याच दिवशी उचलून नेली
कर्ज देणाऱ्यांनी.
तिचा विमा होता, सगळा,
आरशापासून सायलेन्सरपर्यंत.
महिन्याभरात ती ठणठणीत होऊन
दुसऱ्याच कुणाखाली धावायला लागली.
वास्स्वाच्या मांडीत अजून सळई आहे.
तो चौकात चपात्या भाजतो,
अंडं गुंडाळून देतो,
सगळा भार उजव्या पायावर टाकून.

"जास्तीचे किती?" कातो विचारतो.
मी शिलिंगात सांगत नाही.
रोजची दीड चपाती, म्हणते.
"आणि गाडीचा हप्ता? पेट्रोल? स्टेजच्या चेअरमनचं?"
अंगठा फाटलेल्या हातमोज्यातून तो बोटं मोजतो.
खोटं काहीच बोलत नाही.

मग मीही खोटं बोलत नाही.
प्यायलास तर मिळणार नाही.
परवाना संपला तर नाही.
दवाखान्याचे पहिले पैसे तुझेच, नंतरचे आमचे,
तेही एका आकड्यापर्यंत.
पाय मोडला तर एवढे. गेलास तर त्याच्या चौपट.
"मेलेला महाग?" तो हसतो.
महाग मोडलेलाच असतो रे,
कागदच उलटं सांगतो.

तेवढ्यात दोन टोपल्या घेऊन एक बाई आली,
नाकावाला बाजार, लवकर.
कातोनं किक मारली.
अर्ज टेबलावर तसाच राहिला,
त्याच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं लिहिलेलं.

असे पुष्कळ अर्ज माझ्याकडे आहेत.
एकेका अक्षराचे.

संध्याकाळी छत्री मिटताना तो परत आला.
नोटा चुरगळलेल्या, मऊ,
मोजताना बोटं तेलकट झाली.
कांद्याचा वास.
मी त्याच्याकडे पाहिलं, तो फणसाकडे पाहत होता.
"गिऱ्हाइकानं दिले," म्हणाला.
सहा महिन्यांचे होते, वर दोनशे कमी.

वारसाचं नाव?
तो गप्प.
मीच लिहिलं, विचारलं नाही.
पहिला, सतरा मिनिटांनी मोठा.

शिक्का मारला. शाई फिकट उठली.
दोनशे माझ्या पर्समधून घातले,
आणि शिक्का पुन्हा मारला.